काट्यावर मूल उभं असताना आईबापाशी नेमकं काय बोलावं? (सिस्टर लोक आणि पालक, दोघांनीही या)

नाईट_ड्युटी | गुरुवार, रात्री ११.४८

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तर शुद्धलेखन वगैरे सांभाळून घ्या, ड्युटीवरून आत्ताच आलेय.

मी मुंबईत मुलांच्या ओपीडीत स्टाफ नर्स, १४ वर्षं झाली. ज्यांनी अशी ओपीडी बघितलीय त्यांना सांगायला नको, रांग जिन्यापर्यंत असते, डॉक्टरांकडे एका पेशंटमागे जेमतेम चार मिनिटं, त्यात ताप खोकला तपासून औषध लिहिणार की खाण्यापिण्याचं विचारणार. वजन उंची आम्ही घेतो, म्हणजे आहाराचं जे काही बोलणं व्हायचं ते काट्यापाशीच, उभ्याउभ्या, मागच्या चार जणांना ऐकू जाईल असं.

तर मागच्या आठवड्यात एक मुलगा आला, ९ वर्षांचा. उंची १३३, वजन ४१. केसपेपर लिहिणाऱ्या मावशी पलीकडच्या टेबलाला बसतात म्हणून मी सवयीने ओरडले "एक्केचाळीस!" आणि वर त्याच्या पोटाला बोट लावून म्हटलं, काय रे, वडापाव बंद करायचा आता. तो हसला. आई पण हसली. मला वाटलं झालं काम, प्रेमाने सांगितलं.

पाच मिनिटांनी आई एकटीच परत आली. म्हणाली, सिस्टर, राग मानू नका, शाळेत पोरं याला टेम्पो म्हणतात म्हणून हा दोन महिने पीटीच्या तासाला बाथरूममध्ये जाऊन बसतो, आज मी त्याला सांगून आणला होता की दवाखान्यात कुणी हसणार नाही.

मला काय बोलावं सुचलंच नाही. सॉरी म्हटलं, पण ते पोर तोवर खाली औषधाच्या रांगेत उभं होतं.

तर विचारायचंय पालकांना, की आम्ही काय बोललो तर तुम्हाला उपयोग होतो आणि काय बोललो तर डोक्यात जातं. आणि इथे कुणी सिस्टर, ब्रदर, एएनएम (वस्तीतल्या आरोग्यसेविका) असतील तर तुम्ही कसं बोलता ते पण लिहा. "समतोल आहार द्या, व्यायाम करा" हे वाक्य मी १४ वर्षांत हजारो वेळा बोलले असेन, त्याने एका घरातलं जेवण बदललं असेल असं मला तरी वाटत नाही.

चौथा_मजला | शुक्रवार, रात्री १२.२०

ताई, आधी तुम्हाला एक सांगते, चूक मान्य करून धागा काढणाऱ्या तुम्ही पहिल्याच असाल.

आमचं उलट आहे. मुलगी काडी. लसीला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं "खायला देता की नाही हिला?" आणि शेजारी कोण बसलेलं, सासूबाई. झालं! पुढचा महिनाभर घरात तोच विषय. एकेका घासामागे मोबाईल, एक घास चिऊचा वगैरे काळ संपला आता, एक घास यूट्यूबचा. पोरगी तोंडात घास धरून बसायची अर्धा तास, गिळायचीच नाही. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडच्या सिस्टरने मला खुर्चीवर बसवून तक्ता दाखवला, म्हणाली हे बघा, ही पहिल्यापासून याच रेषेवर चाललीय, खालची रेषा आहे पण तिची रेषा आहे. त्या दिवशी मी रात्री शांत झोपले.

त्या रेषेचं जरा नीट कुणीतरी सांगा ना, मला तेव्हा अर्धवटच कळलं होतं.

नाईट_ड्युटी | शुक्रवार, सकाळी ७.०५

@चौथा_मजला, सांगते. ५ वर्षांपर्यंत आपल्याकडे डब्ल्यूएचओचे म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात, ५ ते १८ साठी आयएपीचे म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे. एका दिवसाचं वजन हा नुसता एक ठिपका. ठिपके जोडले की मुलाची वाट दिसते. बारीक मूल आपल्या वाटेने वर चाललंय, खेळतंय, उंची वाढतेय, तर शेजारच्या गुटगुटीत पोराशी तुलना करून काही मिळत नाही. दोन रेषा ओलांडून खाली घसरलं किंवा भराभरा वर चढलं तर मात्र बघायला हवं. आणि मोठ्या मुलांत नुसतं वजन नाही, उंचीच्या मानाने वजन बघतात.

हे सांगायला मला दीड मिनिट लागतं. तेवढंही काढत नाही आम्ही, खरं सांगते.

जिभेला_हाड_नाही | शुक्रवार, सकाळी ९.३१

कै च्या कै. आता नर्सने पण शब्द मोजून मापून बोलायचे का? आमच्या वेळी डॉक्टर सरळ म्हणायचे, ढोल्या, खाणं कमी कर. आम्ही काय मेलो? मुलगा जाड असेल तर जाडच म्हणणार ना. आईबाप स्वतः वेफर्स आणून देतात आणि सिस्टरने आरसा दाखवला की यांच्या भावना दुखावतात.

कांदेपोहे | शुक्रवार, सकाळी ९.५०

@जिभेला_हाड_नाही, आयडी सार्थ आहे :)

ढोल्या म्हटल्यावर तुमचं वजन कमी झालं होतं का पण?

जिभेला_हाड_नाही | शुक्रवार, सकाळी १०.१५

नाही.

गोवंडीची_ताई | शुक्रवार, दुपारी ३.१०

मी एएनएम, हेल्थ पोस्टला, म्हणजे वस्तीतल्या पालिकेच्या दवाखान्यात. आमच्याकडे काटा नंतर, आधी दंडाचा घेर मोजायची पट्टी. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना लावतो, ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळं, पुढे हिरवं. लाल आलं की गप्पा नाहीत, सरळ पुढे पाठवायचं.

लोकांना वाटतं वस्तीत सगळी रोडकी मुलं असतात. एकाच गल्लीत वरच्या खोलीत लाल पट्टीचं बाळ आणि खालच्या खोलीत दहा वर्षांचं पोर ज्याला चार पायऱ्या चढून दम लागतो, आणि दोघं खातात तेच, पाच रुपयेवाली पाकिटं आणि चहा. देशाच्या आकड्यात पण तसंच आहे, एनएफएचएस ५ म्हणजे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५ वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, आणि त्याच वेळी जास्त वजनाची २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलेली.

आता बोलायचं कसं. मी "काय खातो?" असं कधी विचारत नाही. असं विचारलं की मुंबईतली प्रत्येक आई एकच उत्तर देते, वरणभात पोळीभाजी. मी विचारते, "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, आठवून सांगा, घाई नाही." मग बाहेर येतं, सकाळी चहा खारी, मग अंगणवाडीची खिचडी अर्धी, मग दुकानातलं पाकीट, मग दूध, परत चहा बिस्कीट. आईला बोलता बोलता स्वतःलाच ऐकू येतं. पुष्कळ वेळा मला काही बोलावंच लागत नाही, ती स्वतःच म्हणते, ताई, भाजी कुठेच नाही आली नं.

एक दोन वर्षांचं बाळ होतं, पांढरंफटक. आईची तक्रार, काहीच खात नाही. कालचं विचारलं तर दिवसाला चार बाटल्या दूध, बाटली पाव लिटरची. म्हणजे लिटरभर! पोट दुधानेच भरलं तर भात कुठे जाणार, आणि दुधात लोह नसल्यासारखंच. मी दूध वाईट आहे असं बोलले नाही, तसं बोललं तर सासरमाहेर दोन्हीकडून मार खाल्ला असता. म्हटलं दोन बाटल्या ठेवू, म्हणजे अर्धा लिटर, आणि त्या पण जेवण झाल्यावर, वाटीने. चहाचं पण तसंच, बंद करा म्हणत नाही, जेवणाबरोबर नको म्हणते कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. आणि वरणावर लिंबू पिळा. लिंबू सगळ्यांकडे असतं.

आजीबाई_ठाणेकर | शुक्रवार, संध्याकाळी ६.४०

नातवाला सांभाळते मी, सून आणि लेक दोघं नोकरीला. तुम्ही सिस्टर लोक सगळं आईला सांगता. ती बिचारी मान डोलवते आणि संध्याकाळी घरी येऊन मला सांगते, तोपर्यंत त्यातलं निम्मं विसरलेलं असतं आणि निम्मं मला टोमणा वाटतो. दिवसभर भरवतं कोण? मी. मग मला बोलवा ना आत. आम्हाला बाहेर चपलांजवळ बसवून ठेवता.

आणि हो, साय साखर मी देते. आमच्याकडे बाळसं धरलेलं मूल म्हणजे घर सुखी असं होतं. आम्ही रेशनच्या रांगा बघितल्यात बाळांनो. मूल दोन घास जास्त मागतंय आणि आपण नको म्हणायचं हे हातून होत नाही.

गोवंडीची_ताई | शुक्रवार, संध्याकाळी ७.०२

आजी, शंभर टक्के अनुमोदन. मी घरी गेले की पहिला प्रश्न "चूल कोण सांभाळतं" हाच. तुमच्यासारख्या आजीला एकदा पटलं ना की मग पूर्ण घराला पटतं.

नाईट_ड्युटी | शुक्रवार, रात्री ९.४५

आजी, सोमवारपासून बाहेर बसलेल्या आज्यांना आत घेणार, लिहून ठेवा.

साय साखरेचं म्हणाल तर मला एक विभागणी खूप आवडते, ती मी आईलाही सांगते आणि आजीलाही. काय वाढायचं, किती वाजता आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं हे मुलाने. ताटात भोपळ्याची भाजी आहे, त्याने एकच घास खाल्ला, ठीक, पण म्हणून मागून नूडल्स करून द्यायच्या नाहीत. आणि नवीन भाजी एकदा थुंकली म्हणजे आवडत नाही असं नसतं, दहा दहा वेळा समोर यावी लागते तेव्हा कुठे तोंडात जाते. आपण तिसऱ्या वेळी हार मानतो.

ब्रदर_अंधेरी | शनिवार, रात्री १.२५

रात्रपाळीत आहे, वॉर्ड शांत आहे (टच वुड), म्हणून लिहितो. मी मेल नर्स, प्रायव्हेटला. मी तीन गोष्टी करतो, तुम्हाला सरकारीत कितपत जमेल माहीत नाही.

आधी परवानगी. "दोन मिनिटं खाण्याखेळण्याबद्दल बोलू का?" हसाल तुम्ही, पण याने फरक पडतो, कारण न विचारता सुरू केलं की समोरचा हाताची घडी घालतो. बाप लोक तर हमखास. कुणी नाही म्हणालं, तर ठीक, पुढच्या वेळी.

मग दहा गोष्टी सांगायच्या नाहीत. आम्हाला ट्रेनिंगमध्ये ५-२-१-० शिकवलं होतं, अमेरिकेतून आलेलं आहे, दिवसाला पाच वेळा फळं भाज्या, स्क्रीन दोन तासांच्या आत, एक तास खेळ, गोड पेयं शून्य. लक्षात ठेवायला बरं. पण चारही एकदम सांगितले की घरी जाऊन एकही होत नाही. मी चारही दाखवतो आणि विचारतो यातलं तुमच्या घरी कुठलं जमेल? ते जे बोट ठेवतील ते. मला वाटतं कोल्ड्रिंक सुटावं आणि ते म्हणतात आम्ही खाली खेळायला पाठवतो, तर खेळच. मग विचारतो, दहापैकी किती खात्री? पाच म्हणाले की लगेच विचारायचं, पाच का, तीन का नाही? मग माणूस स्वतःच स्वतःला पटवत बसतो, की नाही, रविवारी तर मी घरी असतोच, सोसायटीत बाकीची पोरं पण असतात वगैरे. "दहा का नाही" विचारलं तर अडचणींचं पुराण सुरू होतं. गंमत आहे, करून बघा.

आणि एक, मानेमागे बघा. वजन जास्त असलेल्या मुलांच्या मानेवर, काखेत काळपट जाड वळी दिसते. आया समजतात मळ आहे.

नाईट_ड्युटी | शनिवार, सकाळी ६.५०

अगदी अगदी! घासणीने घासून सोललेल्या माना बघितल्यात मी. एका आईने बेसन दही लिंबू सगळं करून झालेलं आणि वर पोराला "अंघोळ नीट करत नाहीस" म्हणून रोज मार. तो मळ नाही हो, शरीरातलं इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते ती, साबणाने जात नाही, डॉक्टरांना दाखवून तपासण्या करायच्या. हे एक वाक्य ऐकल्यावर त्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला कोर्टातून निर्दोष सोडवलंय.

डबा_६_१० | शनिवार, सकाळी ८.३०

लोकलमधून लिहितेय, चुका सांभाळून घ्या. बदलापूर ते सीएसएमटी, ६.१० ला घर सोडते, रात्री आठला परत. मला नर्सने सांगितलं "रोज ताजी फळं द्या आणि संध्याकाळी मुलाला ग्राउंडवर न्या." कोणती संध्याकाळ? कोणतं ग्राउंड? सफरचंदाचा भाव तिने शेवटचा कधी बघितला होता देव जाणे. त्यापेक्षा विचारायचं ना, घरी किती वाजता येता, डबा कधी बनवता, मुलगा दुपारी कुणाकडे असतो. मी वाईट आई नाहीये, मला वेळ नाहीये, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोवंडीची_ताई | शनिवार, दुपारी २.१५

@डबा_६_१०, बरोबर बोललात, सफरचंद आमच्या डोक्यात का बसलंय कळत नाही, पुस्तकातलं चित्र असावं. केळं, पेरू, हंगामात बोरं जांभळं, झालं फळ. रात्री मूठभर चवळी किंवा मटकी भिजत घातली की सकाळी कांदा टाकून पाच मिनिटांत उसळ. चणे शेंगदाणे गूळ छोट्या डबीत, पण शेंगदाणे अगदी लहानांना अख्खे नकोत, घशात अडकतात, कूट करून द्या. उकडलेलं अंडं चालत असेल तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. आदल्या रात्रीच्या पोळीचा लाडू आपण सगळे खाल्लेलाच आहे, फक्त गूळ हात राखून.

कांदेपोहे | शनिवार, दुपारी २.४०

डब्याचं ठीक आहे पण शाळेबाहेरचं काय? एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) २०२० चा नियम आहे की शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी मीठ साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. आमच्या शाळेच्या गेटपासून चायनीज भेळेची गाडी मी पावलांनी मोजली, अकरा पावलं.

पीटीचे_सर | शनिवार, रात्री ८.००

वरती मुलगा पीटीला बाथरूममध्ये बसतो वाचलं आणि राहवलं नाही. २२ वर्षं शिकवतोय. मॅडम, यात आमचा पण दोष आहे. जाड मुलाला आपण काय करतो? गोलकीपर. नाहीतर स्कोअर लिहायला. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावतो आणि नंतर म्हणतो मुलांना व्यायामाची आवड नाही. ज्याची शिक्षा दिली त्याची आवड कशी लागेल? परीक्षा आली की पीटीचा तास गणिताला जातो तो वेगळाच विषय.

५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यात तीन दिवस हाडं स्नायू बळकट करणारं काहीतरी, असं डब्ल्यूएचओ म्हणतं. पालक ६० ऐकूनच घाबरतात. सलग नको आहे हो! शाळेत चालत गेला १५, मधल्या सुट्टीत पकडापकडी १५, संध्याकाळी दोरीउड्या १०, दळण आणायला गेला, जिना चढला, झाली बेरीज. दोरीला चटईएवढी जागा लागते. सोसायट्यांमध्ये "बॉल खेळण्यास सक्त मनाई" पाट्या आहेत तिथे दोरीउड्यांना अजून तरी मनाई नाही (खालच्या मजल्यावरचे काका येईपर्यंत).

अंगाने मोठ्या मुलाला त्याचं अंग कामी येईल असं काहीतरी द्या. कबड्डीत कोपरा पकडायला असा मुलगा मिळाला की संघ खूश असतो. गोळाफेक, रस्सीखेच, खो खो मध्ये सुद्धा खुंट सांभाळायला. एकदा संघात घेतला की तो पळतो, आपण सांगावं लागत नाही. दादरला शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून आहे, तिथे संध्याकाळी नुसतं उभं राहून मल्लखांब बघा, मुलाला पण दाखवा. नाव घालायची घाई नको, बघू दे आधी.

तर सिस्टरनी "व्यायाम करतोस का" विचारू नये. "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतोस" विचारावं. सगळं कळतं त्यात.

चौथा_मजला | शनिवार, रात्री ८.२२

सर, शेवटची ओळ वाचून डोळ्यात पाणी आलं.

जिभेला_हाड_नाही | शनिवार, रात्री ११.५५

काल सकाळी उत्तर देऊन गेलो होतो पण डोक्यातून जाईना. मला पण स्कोअर लिहायला बसवायचे. अक्षर मात्र चांगलं झालं.

नाईट_ड्युटी | (दोन महिन्यांनी) बुधवार, रात्री ११.१०

धागा वर काढतेय. तो मुलगा आज परत आला, फॉलोअपला.

मधल्या काळात आम्ही काटा हलवला. आता कोपऱ्यात पडद्यामागे आहे. आकडा मी ओरडत नाही, चिठ्ठीवर लिहून मावशींकडे देते, त्या सुरुवातीला वैतागल्या की माझा चष्मा आणि तुमचं अक्षर, आता सवय झाली. रांग तेवढीच आहे. सगळ्यांशी बोलणं होतं असं नाही, ज्या दिवशी दोघी रजेवर असतात त्या दिवशी परत "समतोल आहार द्या" वरच येते मी, खोटं कशाला बोलू.

त्याला आधी विचारलं, तुझ्याशी बोलू का? त्याने आईकडे बघितलं, मग मान हलवली. मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतोस विचारलं (पीटीचे सर, थँक्यू). दोन नावं सांगितली. दोन महिन्यांपूर्वी किती सांगितली असती माहीत नाही, तेव्हा मी विचारलंच नव्हतं. घरी त्यांनी काय ठरवलं ते आईने स्वतः सांगितलं, रोज रात्री जेवताना आणायची ती कोल्ड्रिंकची बाटली आता फक्त वाढदिवसाला, आणि संध्याकाळचं दूध आणायला तो जातो, तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने. पीटीला अजून रोज जात नाही. आठवड्यात एकदा जातो म्हणाला.

वजन ४१.२. आईचा चेहरा पडला, म्हणाली काहीच कमी नाही झालं. तिला तक्ता दाखवला, की वाढत्या वयात कमी व्हायलाच पाहिजे असं नाही, वजन जिथल्या तिथे थांबलं आणि उंची वाढत राहिली तरी ठिपका आपोआप खाली येतो, फक्त त्याला वेळ लागतो.

मग त्याने विचारलं, उंची किती? ती मात्र मी पडदा बाजूला करून मोठ्याने सांगितली, "एकशे चौतीस!"

गोवंडीची_ताई | बुधवार, रात्री ११.३२

भारी. ते सगळं ठीक, पण पडदा कुठून मिळवलात? आमच्याकडे इंडेंट (मागणीपत्र) टाकून पाच महिने झाले, खिडकीला पण नाही अजून.

नाईट_ड्युटी | बुधवार, रात्री ११.४०

इंडेंट कसलं ताई, बाद झालेली बेडशीट आहे. लाँड्रीच्या मामांना चहा पाजला आणि दोन सेफ्टीपिना माझ्या.